पाच टनांची कापशी

काम साधारण असं येतं : डोंगराळ प्रदेशातलं एक काल्पनिक राष्ट्र, काळ 1990 च्या आसपासचा. हल्ल्याचं एक हेलिकॉप्टर, माणसं-सामान नेणारं एक, टेहळणीचं एक. प्रत्येकाला एक पान. चित्राची जागा सोडून अडीचशे शब्द आणि आकड्यांचा तक्ता. पैसे बेताचेच. दिवसा मी चिंचवडला मोटारींच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढतो. तिथे एका ब्रॅकेटमधले चार-दोन ग्रॅम वाचवायचे म्हटलं तरी मीटिंगा झडतात. रात्री जेवण उरकलं की त्याच संगणकावर कधीच न उडणाऱ्या हेलिकॉप्टरांची वजनं मांडत बसतो. हे काम खेळांच्या नियमपुस्तकांच्या पुरवण्या काढणाऱ्या एका छोट्या परदेशी प्रकाशकासाठी असतं. त्याच्या कितीतरी आधीपासून ते पुण्यातल्या आमच्या शनिवारच्या टोळक्यासाठी चाललेलं आहे.

हे खेळ ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गेम मास्टर, म्हणजे सूत्रधार. बाकीच्यांकडे एकेक पात्र. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपलं पात्र काय करतं ते खेळाडू सांगतात आणि जिथे निकालाची खात्री नसते तिथे फासे टाकतात. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हापासूनचा हा प्रकार. त्याची मुळं टेबलावर शिशाचे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांत आहेत, त्यामुळे तलवारी आणि राक्षसांमागोमाग रणगाडे आणि हेलिकॉप्टरं येणारच होती. 1984 मध्ये तिसऱ्या महायुद्धानंतरच्या पोलंडमध्ये खेळाडूंना सोडून देणारा 'ट्वायलाइट : 2000' आला. 1993 मध्ये डेव्हिड पल्व्हर यांचं 'गर्प्स व्हेइकल्स' आलं. त्या पुस्तकातल्या नियमांनी कुठल्याही काळातलं कुठलंही वाहन बांधता येतं, फक्त घनफळावरून पृष्ठफळ काढायला घनमुळं काढत बसायची तयारी हवी. मला ती होती. ही विद्या मी त्या पुस्तकावरच गिरवली.

कुणालाही हेलिकॉप्टर बांधायला सांगा, तो आधी शस्त्रं लावतो. नाकाखाली तोफ, पंखांवर रॉकेटं, टोकाला क्षेपणास्त्रं, मग चिलखत, मग मागे सहा कमांडो. सगळं लावून झालं की वेग विचारतो आणि ताशी सहाशे किलोमीटर लिहितो. इथे मी त्याला थांबवतो. हेलिकॉप्टर पुढे जात असतं तेव्हा त्याचं एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे सरतं. वेग वाढत गेला की मागे सरणाऱ्या पात्याला पुरेसा वारा मिळेनासा होतो आणि त्या बाजूची उचल ढासळते. साध्या रचनेच्या हेलिकॉप्टरला ही भिंत ताशी चारशेच्या आसपास लागते. ब्रिटनच्या वेस्टलँड लिंक्सने 1986 च्या ऑगस्टमध्ये 400.87 किलोमीटरचा विक्रम केला, तोही खास तयार केलेल्या पात्यांवर.

वेग एकवेळ सोडून देता येतो, वजनाला मात्र सुटका नाही. पाच टनांचं यंत्र आणि 13 मीटर व्यासाचा रोटर धरू. समुद्रसपाटीला हे वजन एका जागी तरंगत ठेवायला, सगळे तोटे बाजूला ठेवले, तरी सुमारे 600 किलोवॅट शक्ती लागते. तोटे धरले की त्याच्या जवळपास दीडपट. आता तेच यंत्र 5,000 मीटरवर न्या. हवेची घनता तिथे समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांवर येते. पात्यांना ढकलायला हवा कमी, म्हणून तेवढंच वजन तरंगवायला 600 ऐवजी सुमारे 775 लागतात. इंजिनही तीच विरळ हवा ओढत असतं, त्यामुळे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा आटतो. इंजिनाची शक्ती घनतेच्याच प्रमाणात घटते असं धरून गणित केलं तर उत्तर फार स्वच्छ येतं : उचलण्याजोगं वजनही त्याच प्रमाणात घटतं. पाच टनांचे तीन टन होतात. आणि रिकाम्या यंत्राचंच वजन तीन टन असतं.

यातून वाट कशी काढायची हे खऱ्या यंत्रांकडून शिकावं लागतं. आपल्याकडचं 'चीता' त्यासाठी उत्तम. फ्रान्समध्ये त्याचं नाव 'लामा'. भारतीय सैन्यदलांना हिमालयात चालेल असं काहीतरी हवं होतं, त्यातून ते आलं. 1969 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनू लागलं. त्याची रचना म्हणजे अलूएत-2 चा हलका सांगाडा आणि त्यावर थोरल्या अलूएत-3 चं इंजिन आणि रोटर. इंजिन 870 अश्वशक्तीचं, पण वापर 550 पुरताच बांधलेला. सपाटीवर ही उधळपट्टी वाटते. वर गेल्यावर मात्र इंजिनाची ताकद घटत घटत त्या 550 पर्यंत येईतो पुष्कळ उंची गाठून झालेली असते. सियाचीनच्या चौक्यांना हे छोटंसं यंत्र वर्षानुवर्षं रसद पोचवत आलंय ते या शिलकीच्या जोरावर. तिथल्या सर्वांत उंच चौक्यांवर एका फेरीत काय न्यायचं याचा हिशेब किलोत होतो.

माझं हल्ल्याचं हेलिकॉप्टर याच तत्त्वावर उभं आहे. त्याचं नाव 'कापशी'. आपल्याकडे शेतांवर एका जागी पंख फडफडवत थांबणारी, लाल डोळ्यांची पांढरी-करडी घार असते, तिच्यावरून ठेवलं. पुढेमागे बसणारे दोघे : पुढे तोफची, मागे वैमानिक. सपाटीला जास्तीत जास्त पाच टन. इंजिनं मुद्दाम गरजेपेक्षा मोठी घेतली, त्यामुळे 5,000 मीटरवर ती 3,700 किलो उचलते. त्यातले 2,900 किलो तिचे स्वतःचे. उरले 800. दोन माणसं, इंधन, तोफेच्या गोळ्या, रॉकेटं हे सगळं त्या 800 किलोंत बसवायचं. खेळाडूंच्या हातात मी जो तक्ता देतो त्यात ही एवढी बेरीज ठळक अक्षरात असते.

आता टेबलावरचा एक प्रसंग. आमचं त्या वेळचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत पुढे चालणारी सलग गोष्ट, याच काल्पनिक डोंगराळ देशात चाललं होतं. एका उंच धारेवर, बरोब्बर 5,000 मीटरवर, टेहळणी पथकातला एक जखमी अडकलेला. कापशी कशीबशी तिथे टेकली. खेळाडूंनी तक्ता पुढे ओढला. रिकामं यंत्र 2,900, दोघे मिळून 180, उरलेलं इंधन 350, तोफेच्या गोळ्या 120, रॉकेटांचे दोन संच मिळून 280. बेरीज 3,830. म्हणजे जखमीला घ्यायच्या आधीच 130 किलो जास्त. रॉकेटं टाका, असं एक जण म्हणाला. पण परतीच्या खिंडीत शत्रूची चौकी होती. इंधन सोडा तर तळ गाठायलाच अडीचशे किलो लागणार. चौथा वाचून आला होता. तो म्हणाला, "अरे, पुढे वेग असला की तरंगण्यापेक्षा कमी ताकद लागते. धावपट्टी नाही, पण कडा आहे ना? जमिनीलगत हातभर उचल आणि कड्यावरून खाली सूर मार." मी म्हटलं, चालेल, फासे टाकावे लागतील, आणि किती अवघड ते सांगितलं. सगळे गप्प.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की यंत्रात आसनंच दोन आहेत. जखमी बसणार कुठे? तोफचीचं पात्र चालवणारी मुलगी म्हणाली, "मी उतरते." तिचं वजन गेलं, जखमीचं आलं, दहा किलोंचा फरक. अजून 120 जास्त. तेव्हा तीच म्हणाली, "मी नसताना तोफ चालवणार कोण? गोळ्या काढा बाहेर." 120 किलो. बेरीज नेमकी 3,700. कापशी उडाली. तोफची एक रायफल घेऊन बर्फात मागे राहिली आणि पुढच्या बैठका तिच्या उतरणीच्या झाल्या.

या सगळ्यात मी सूत्रधार म्हणून काहीच केलं नव्हतं. हीच गोष्ट मला या कामात सर्वांत महत्त्वाची वाटते. सूत्रधार जेव्हा "नाही, हे जमणार नाही" म्हणतो तेव्हा टेबलावर वाद होतो. का नाही, गेल्या वेळी तर चाललं होतं, तू मुद्दाम अडवतोस. तेच 'नाही' बेरजेतून आलं की कुणी रुसत नाही. सगळे पेन्सिल घेऊन कामाला लागतात. हवेशी हुज्जत घालता येत नाही हे प्रत्येकाला आतून ठाऊक असतं. म्हणून खेळासाठी यंत्र रचताना मी त्याची ताकद पटकन लिहून टाकतो आणि त्याच्या अडचणीवर वेळ घालवतो. ताकद एका वाक्यात वापरून संपते. अडचण रात्रभर पुरते. मात्र ती अडचण खरी हवी, यंत्राच्या घडणीतून आलेली. माझ्या लहरीतून आलेली अडचण खेळाडू दोन मिनिटांत ओळखतात.

सोव्हिएत एमआय-24 हा या बाबतीत खजिना आहे. आपल्या हवाई दलाकडेही त्याच्या एमआय-25 आणि एमआय-35 या आवृत्त्या आल्या. हल्लाही करायचा आणि पोटात आठ सैनिकही न्यायचे, म्हणजे बंदुका लावलेली एसटीच. त्याचे दोन्ही बाजूंचे आखूड पंख नुसते शस्त्रं टांगायला नाहीत; वेगात असताना एकूण उचलीचा चौथ्या हिश्शापर्यंतचा वाटा ते देतात. पण एका जागी तरंगताना तेच पंख रोटरच्या खाली येणाऱ्या झोताला आडवे येतात. म्हणून अफगाणिस्तानच्या उष्ण आणि उंच तळांवरून भरलेलं एमआय-24 विमानासारखं धावपट्टीवर पळवून उडवत. हे कळल्यावर मी कल्पनेतल्या एका शेजारी देशाला तशाच धाटणीचं यंत्र दिलं. वेगात भयंकर, थांबल्यावर दुबळं. खेळाडूंनी त्याच्याशी समोरासमोर लढायचं सोडून दिलं आणि त्याच्या धावपट्टीवर खड्डे पाडायची योजना आखली. तक्त्यातल्या एका ओळीने पूर्ण मोहीम दिली.

दुसरी आवडती अडचण इंजिन बंद पडण्याची. इंजिन गेलं की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं असा सार्वत्रिक समज आहे. तसं होत नाही. पात्यांचा कोन लगेच कमी केला तर खाली जाताना खालून येणारी हवा रोटर फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमिनीजवळ पोचल्यावर फिरत्या रोटरमधला साठवलेला जोर एकदाच वापरून उतरायचं. 21 जून 1972 रोजी झाँ बूले या फ्रेंच वैमानिकाने लामा 12,442 मीटरवर नेलं. तिथे इंजिन विझलं आणि तो तिथून खालपर्यंत ऑटोरोटेशनवर सुखरूप उतरला. टेबलावर हा किस्सा सांगितला की वैमानिकाचं पात्र घेतलेल्याची छाती फुगते. मग मी दुसरी बाजू सांगतो. ऑटोरोटेशनला एकतर उंची लागते, नाहीतर पुढचा वेग. तीस मीटरवर, वेग शून्य असताना इंजिन गेलं तर दोन्ही नसतात, सावरायला वेळच मिळत नाही. आणि हल्ल्याचं हेलिकॉप्टर लढाईत नेमकं तिथेच असतं : टेकडीआड, जमिनीलगत, स्थिर, फक्त डोकं वर काढून. शत्रूच्या क्षेपणास्त्रापासून वाचायची जागा आणि इंजिनाच्या दगाफटक्याला सर्वांत वाईट जागा, दोन्ही एकच. नियमांत मी हे दोन ओळींत बसवलंय. उंची आणि वेग यांच्या जोडीवरून फाशाचा आकडा ठरतो. पुढचं भय खेळाडू आपलं आपण निर्माण करतात.

यंत्राच्या रचनेतून ते बनवणारा देशही दिसतो, हे मला उशिरा पण पक्कं कळलं. रशियाच्या केए-50 मध्ये इजेक्शन सीट आहे. आधी स्फोटकांनी पाती तोडली जातात आणि मग वैमानिक वर फेकला जातो. ते एका माणसाचं यंत्र, मागे कुणी नसतं. एका खेळाडूने तीच सोय आमच्या 'करकोचा' या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरात मागितली. पुढच्या दोघांना इजेक्शन सीट, मागच्या आठ जणांना नुसते पट्टे. तांत्रिकदृष्ट्या बसवता आलं असतं. आमच्या खेळाडूंच्या देशाला मी ते दिलं नाही. पुढे एका हुकूमशाही राजवटीच्या यंत्रात मुद्दाम दिलं आणि वर्णनात त्यावर एक शब्दही लिहिला नाही. चिलखत कुणाभोवती आहे, मागच्या दाराची कडी आतून उघडते की बाहेरून, एवढं तक्त्यात असलं की त्या राजवटीबद्दल वेगळा परिच्छेद लागत नाही.

आमच्या इमारतीत एक निवृत्त काका आहेत. हवाई दलात जमिनीवरच्या तांत्रिक कामात त्यांची नोकरी गेली, त्यातली बरीच वर्षं चीतावर. माझ्या हातातला कागद बघून त्यांनी एकदा विचारलं, "काय रे, हे उडवतं कोण ते लिहिलंयस. याला उभं कोण ठेवतं?"

"म्हणजे काका?"

"अरे, एक तास उडालं की खाली किती तास काम असतं त्याला? ग्रीस कोण भरतं? सेफ्टी वायर कोण बघतं? स्नॅग लिहून कोण ठेवतं? तुझ्या कागदावर एकाही माणसाचे हात काळे नाहीत."

त्यांच्याकडून मी 'स्नॅग'चा तक्ता लिहून घेतला. प्रत्येक उड्डाणानंतर एक फासा टाकायचा : तेलाचा बारीक ओघळ, रेडिओ मुका, कुठल्याशा बेअरिंगचा नेहमीपेक्षा वेगळा आवाज. दुरुस्तीला वेळ द्या किंवा तसंच उडा आणि पुढच्या फाशाला ते ओझं न्या. काकांनी तक्ता वाचून एकच सुधारणा सुचवली. सहावर 'काही नाही' लिहिलं होतं, ते त्यांनी खोडून 'काही सापडलं नाही' केलं. या तक्त्यानंतर आमच्या टोळक्यातल्या एकाने वैमानिकाचं पात्र सोडून मेकॅनिकचं घेतलं आणि ते आजही सोडलेलं नाही.

काल्पनिक देश का, हे मला पुष्कळ जण विचारतात. कारगिल आहे की, म्हणतात. आहे. 1999 मध्ये तिथल्या उंचीवर एमआय-35 चा उपयोग नव्हता, म्हणून मूळच्या वाहतुकीच्या एमआय-17 वर रॉकेटं लावून हल्ले केले गेले. 28 मे रोजी तोलोलिंगजवळ त्यांतलं एक क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि आतले चौघेही गेले. त्यानंतर हेलिकॉप्टरांनी हल्ले करणं थांबवलं गेलं. त्या उंचीवर लढेल अशा हेलिकॉप्टरची गरज तिथे उघडी पडली. त्यातून 'प्रचंड' आलं : 2010 मध्ये पहिलं उड्डाण, 3 ऑक्टोबर 2022 ला जोधपूरमध्ये हवाई दलात दाखल, कमाल वजन 5.8 टन, अरुंद अंगाचं, पुढेमागे बसणाऱ्या दोघांचं. माझ्या कापशीचं त्याच्याशी नातं उघड आहे. पण त्या चौघांच्या जागी शनिवारी रात्री चिवडा खात फासे टाकायला माझा हात धजत नाही. आकडे मी खऱ्या युद्धांतून घेतो, कारण हवा सगळीकडे तीच. माणसं मात्र आमची आम्ही तयार करतो, आणि ती मेली तर त्यांच्यावर हक्कही आमचाच असतो.

कापशीचं पान प्रकाशकाकडे गेलं तेव्हा संपादकांचं म्हणणं आलं की वजनांचा तक्ता किचकट आहे, लोकांना बेरजा आवडत नाहीत. त्याऐवजी 'भार : मध्यम' एवढं पुरे. त्यांचं पूर्ण चुकत नव्हतं. गर्प्सच्या घनमुळांनी पळवून लावलेले खेळाडू मी पाहिलेले आहेत. म्हणून मी पानावरचं बाकी सगळं सोडायला तयार झालो. तोफेचा व्यास, रडारचा पल्ला, पात्यांची संख्या, कारखान्याचा इतिहास, हे काढा म्हटलं. पाच ओळी मात्र ठेवायला लावल्या : रिकामं वजन, सपाटीची मर्यादा, 3,000 मीटरची मर्यादा, 5,000 मीटरची मर्यादा, आणि काय काय किती किलोचं. त्याखाली मोकळी जागा, पेन्सिलीने बेरीज करायला. 'मध्यम' म्हटलं की खेळाडू सूत्रधाराकडे बघतात आणि त्याच्याशी घासाघीस सुरू करतात. 3,700 म्हटलं की ते एकमेकांकडे बघतात. पान तसंच छापलं गेलं, आणि हल्ली नवीन काम आलं की मी आधी त्या पाच ओळी भरतो. शस्त्रं कुठली लावायची ते त्यानंतर ठरतं.